सतरा मिनिटांची फाइल

भाऊसाहेबांनी मस्टरवर स्वतःच्याच नावापुढे लाल फुली मारली, तेव्हा कचेरीच्या घड्याळात दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि मोजणी-नकाशांच्या त्या लांबट खोलीतली झाडून सगळी डोकी त्यांच्या टेबलाकडे वळली होती. फुली मारून झाल्यावर त्यांनी तिच्यावर हलकेच फुंकर घातली. दुसऱ्यांच्या फुल्यांवरही ते अशीच फुंकर घालत. शाई पसरली की फुली नेमकी कुणाची यावरून वाद होतात, असा त्यांचा अनुभव होता.

भाऊसाहेब म्हणजे कचेरीचे हेडक्लार्क. पाठीमागे त्यांना सगळे 'पोटकलम' म्हणत. कारण वाऱ्यानं कागद उडायला लागले तरी खिडकी कोणत्या नियमाखाली आणि त्यातल्या कोणत्या पोटकलमाखाली लावायची, हे आठवल्याशिवाय ते उठत नसत. एकोणतीस वर्षं हा माणूस दहाला दहा कमी असताना कचेरीच्या दारात हजर. समोरचा कुलूपवाला त्यांना बघून दुकान उघडायचा. एकदा भाऊसाहेब तापानं चार दिवस पडले, तर गावात चार दिवस कुणाला कुलूप मिळालं नाही असं सांगतात. तिखटमीठ लावून सांगतात हे खरं, पण चार नसतील तर तीन दिवस तरी असतीलच.

शिपाईमामा जवळ येऊन हळूच म्हणाले, "रकाना कोरा ठेवला होता की मी. सही ठोकायची होती, भाऊसाहेब. कुणी बघितलं नसतं."

"मी बघितलं असतं ना," भाऊसाहेब म्हणाले.

आता नुसती फुली असती तर निभावलं असतं. पण नव्या मॅडम साहेब म्हणून आल्यावर एक परिपत्रक निघालं होतं. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ. त्यापुढे एक मिनिट जरी झालं तरी लेखी खुलासा, आणि तो खुलासा 'खरा, पूर्ण व पडताळून पाहता येण्याजोगा' असला पाहिजे. मॅडमनी मसुद्यात नुसतं 'योग्य' असं लिहिलं होतं. खरा, पूर्ण आणि पडताळून पाहता येण्याजोगा हे तिन्ही भाऊसाहेबांनी पदरचे घातलेले. आपण खणलेल्या खड्ड्याची खोली माणसाला आत पडल्यावर कळते, ती अशी.

त्यांनी कागद ओढला आणि स्वतःला कारणे दाखवा नोटीस लिहिली. खाली सही केली. टपालाच्या जावक वहीत क्रमांक घातला, आवक वहीत क्रमांक घातला, आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात ती नोटीस मामांच्या हातून पोचती करून घेतली. मामांनी अर्धा हात अंतर चालून पोचपावतीवर सही मागितली. भाऊसाहेबांनी तारीख-वेळेसह दिली.

मग सगळी कचेरी त्यांच्या मदतीला धावली. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या हातच्या नोटिसा खाल्ल्या होत्या, तेच पुढे. कुणी म्हणालं, पाहुणे आले होते असं लिहा. भाऊसाहेबांनी आठवण दिली की पाहुणे हे कारण आपण गेल्या मार्चमध्ये फेटाळलं आहे, पाहुण्यांना घर सांभाळायला बसवून येता आलं असतं असं म्हणून. कुणी पोटदुखी सुचवली. ती दोनदा फेटाळलेली. टायपिस्टबाई तेवढ्या यंत्रावर कागद चढवत होत्या. शेवटी भाऊसाहेबांनी खुलाशात दोनच शब्द लिहिले, 'कारण घरगुती'. तो कागद स्वतःकडेच आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि त्यावर आपला ठरलेला शेरा मारला: 'घर हे ठिकाण आहे, कारण नव्हे. खुलासा अमान्य.'

खरं कारण त्यांच्यापाशी होतं. सोन्यासारखं होतं. पण ते कागदावर उतरवणं म्हणजे घरातलं सोनं चव्हाट्यावर मांडणं.

झालं होतं असं. नेहमीचा मोठा रस्ता नळ टाकण्यासाठी खणलेला, म्हणून त्या सकाळी भाऊसाहेब मैदानामागच्या बोळातून निघाले. घरापासून पाच मिनिटं आले असतील. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा वाटला, पण कुठे ऐकलाय ते काही केल्या आठवेना. बोळात पडलेल्या दोन विटा एकावर एक ठेवून ते वर चढले आणि भिंतीवरून डोकावले.

मैदानात त्यांची बायको स्कूटर चालवत होती.

चालवत होती हा शब्द जरा उदार झाला. स्कूटर स्वतःला हवं तिकडे तिला नेत होती आणि बायको वर बसून हसत होती. मागून सीट धरून धावत होत्या टायपिस्टबाई; स्कूटर त्यांचीच, तिच्यावरूनच दोघी भाऊसाहेबांच्या आधी तिथे पोचलेल्या. दोघींचे चेहरे लालबुंद. बायकोचं वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि घरात जिना उतरतानाही कठडा सोडत नाही ती ही बाई, दोन्ही पाय हवेत सोडून वर्तुळं काढत होती. सगळी वर्तुळं उजवीकडेच. डावीकडे वळायची वेळ आली की थांबायची, खाली उतरायची, स्कूटर हातानं डावीकडे फिरवायची आणि परत चढून बसायची.

भाऊसाहेबांच्या जिभेवर सूचना जमा व्हायला लागल्या. एक, कोपर आत. दोन, नजर चाकावर नको, पुढे. तीन, डावं वळण. आणि मग त्यांना शिवणयंत्र आठवलं.

सोळा वर्षांपूर्वी तिनं मोठ्या हौसेनं शिवणयंत्र आणलं होतं. पहिल्या दिवशी भाऊसाहेब शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि सरळ शिलाईतल्या त्रुटी सांगत राहिले. वाईट हेतू नव्हता बिचाऱ्यांचा; हाताखालच्या माणसाची चूक वेळीच दाखवली तर तो सुधारतो, असं कचेरीत शिकले होते. संध्याकाळी तिनं यंत्रावर चादर घातली. ती चादर सोळा वर्षांत धुवायलासुद्धा निघाली नाही. त्याआधी चित्रकलेचं असंच झालं होतं, त्याआधी गाण्याचं. बायको कधी चिडली नाही, बोलली नाही. नुसती चादर घालायची.

आपण पाहिलं हे तिला कळलं, की स्कूटरवरही चादर पडणार. हे त्यांना भिंतीवर हनुवटी टेकलेल्या अवस्थेत लख्ख कळलं. ते विटांवर उभे राहिले. दातांखाली जीभ धरून राहिले. दहाला आठ कमी असताना टायपिस्टबाई स्कूटर घेऊन फुर्रकन कचेरीला गेल्या, पण बायको पायरीवर दम खात बसली, आणि ती त्याच बोळातून घरी जाईपर्यंत भाऊसाहेब पाण्याच्या टाकीआड डब्याची पिशवी पोटाशी धरून लपले. पुढे वीस मिनिटांची वाट. म्हणून दहा सतरा.

तर हे असं कारण. खरं होतं, पूर्ण होतं, पडताळून पाहता येण्याजोगंही होतं, आणि पडताळलं की संपलं होतं.

तीन दिवसांनी भाऊसाहेबांनी स्वतःला पहिलं स्मरणपत्र पाठवलं. पाचव्या दिवशी दुसरं. त्याला त्यांनी उत्तर दिलं, 'कारण आहे. सांगता येत नाही.' हे उत्तर वाचून हेडक्लार्क या नात्यानं त्यांना मनापासून राग आला. एकोणतीस वर्षांत इतकं उद्धट उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. नियमाप्रमाणे फाइल वर गेली.

मॅडमचा स्वभाव टेबल मोकळं ठेवण्याचा. त्यांनी भाऊसाहेबांना आत बोलावून खुर्ची दिली, आणि काहीतरी लिहून द्या, मी मान्य करून टाकते असं सांगितलं.

"काहीतरी म्हणजे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"पंक्चर लिहा."

"मी पायी येतो, मॅडम."

"मग पायात काटा लिहा."

भाऊसाहेब उभे राहिले. साहेबानं खोटं लिहायला सांगितलं तर ते कोणत्या नियमाखाली नाकारायचं, हे त्यांना चटकन आठवेना, त्यामुळे नुसतंच नाही म्हणाले. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी सरळ सांगितलं की परिपत्रकाप्रमाणे पुढच्या शुक्रवारपर्यंत खरं कारण आलं नाही, तर प्रकरण वरच्या कार्यालयात जाईल, आणि जो माणूस उशिराचं कारण देत नाही त्याला मस्टरच्या टेबलावर ठेवता येणार नाही. तुम्हाला तळघरातल्या गोदामात बसावं लागेल. भाऊसाहेब म्हणाले, "बरोबर आहे. ते कलम मीच घातलंय."

इकडे आड आणि तिकडे तळघर. टेबल राखायचं तर बायकोची स्कूटर जाते, स्कूटर राखायची तर एकोणतीस वर्षांचं टेबल जातं. त्या टेबलाच्या खणात त्यांच्या कोपरांचे खळगे पडले होते म्हणतात. खणात कोपर कसं जाईल, असं विचारू नका. इतकी वर्षं एका जागी बसलं की कुठेही जातं.

मॅडमना वाटलं, माणूस आजारी तर नाही ना. म्हणून त्यांनी घरच्या जबाबदार व्यक्तीचा जबाब घ्यायचं ठरवलं: त्या दिवशी हे घरून निघाले कधी? आणि जबाब घ्यायला पाठवलं कुणाला, तर टायपिस्टबाईंना. बाईच्या घरी बाईनं जावं, एवढाच त्यांचा साधा विचार.

जबाब फार छान झाला. नऊ पंचवीसला निघाले, दारात नेहमीप्रमाणे किल्ली, रुमाल, चष्मा असं तीनदा म्हणाले, असं भाऊसाहेबांच्या बायकोनं, म्हणजे कचेरीच्या वहिनींनी सांगितलं आणि टायपिस्टबाईंनी दोन प्रतींत उतरवलं. सही झाल्यावर वहिनींनी विचारलं, "पण हे उशिरा पोचले म्हणजे गेले कुठे?"

"तेच कुणाला कळत नाहीये. आणि वहिनी, एक सांगू का? तेव्हापासून ते दहाला दहा कमी असताना येतच नाहीत. बरोब्बर दहाला येतात, धापा टाकत. पूर्वीपेक्षा दहा मिनिटं उशिरा. रोज."

ही दहा मिनिटं कुठली, हे चाणाक्ष मंडळींनी ओळखलं असेलच. भाऊसाहेबांना त्या विटांची सवय लागली होती. साडेनऊ ते नऊ चाळीस, रोज दहा मिनिटं, नियमात बसेल इतकंच ते बायकोला पाहत. कचेरीत मात्र भलत्याच विटा रचल्या जात होत्या. मामांच्या मते भाऊसाहेब गुपचूप डॉक्टरकडे जात होते आणि दुखणं मोठं होतं. दुसरं मत असं की दुखणं नसून कुणीतरी बाई होती. या मतात बरंच तथ्य होतं, फक्त ती बाई कोणती हे मतवाल्यांना ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी चहा घेताना दोघं समोरासमोर बसली. वहिनींच्या कोपराला खरचटलेलं होतं. सकाळी भाऊसाहेबांनी ते खरचटताना भिंतीवरून पाहिलं होतं आणि विटांवरून खाली पडायचे राहिले होते.

"काय लागलं?" त्यांनी विचारलं.

"कपाटाचा कोपरा," ती म्हणाली.

ते उठले, मलम आणलं, तिच्या कोपराला लावलं. मग जुन्या टॉवेलाची पट्टी फाडून त्यांनी कपाटाचे चारही कोपरे बांधून काढले. चांगला अर्धा तास लागला. ती बघत राहिली. निरपराध कपाटाचं हे बँडेज बघून तिला हसावं की रडावं कळेना. हा माणूस मोठ्या दुखण्यानं आजारी आहे आणि म्हणून असा मऊ झाला आहे, असं तिच्या मनानं घेतलं. त्यांना विचारावं तर धीर होईना. न सांगण्याच्या कामानं दोघंही दमून गेली होती.

गुरुवारी सकाळी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, वहिनींनी ठरवलं की आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा. टायपिस्टबाई कोपऱ्यावर स्कूटर घेऊन तयारच होत्या. नवऱ्याच्या मागावर जायचं, तर चालवणारही मीच, असं म्हणून वहिनी पुढे बसल्या. मैदान सोडून त्या पहिल्यांदाच रस्त्यावर येत होत्या. सुदैवानं भाऊसाहेब पुढच्या वळणाला उजवीकडे वळले, म्हणून त्यांनाही वळता आलं.

बोळाच्या तोंडाशी आल्यावर त्यांना दिसलं ते असं: भाऊसाहेब दोन विटांवर चढलेले. टाचा उंचावलेल्या. डब्याची पिशवी खांद्याला. हनुवटी भिंतीवर टेकवून ते रिकाम्या मैदानात बघत होते. मनगटावरच्या घड्याळात बघत होते, पुन्हा मैदानात बघत होते. मग त्यांनी बाजूला पडलेली तिसरी वीट पायाखाली घेतली आणि आणखी उंच होऊन मैदानाचे चारही कोपरे शोधले. हरवलेल्या माणसाला शोधावं तसे.

वहिनींना एका क्षणात सगळं समजलं. आणि समजण्याच्या भरात ब्रेक कुठला ते त्या विसरल्या.

बोळ उताराचा. टायपिस्टबाई मागून ओरडत होत्या. वहिनींचं लक्ष होतं फक्त त्या उंचावलेल्या टाचांकडे. भाऊसाहेबांनी मान वळवली. समोरून स्कूटर, स्कूटरवर बायको, बायकोमागे टायपिस्टबाई. मध्ये नळवाल्यांनी टाकलेला वाळूचा ढीग होता म्हणून बरं. पुढचं चाक ढिगात अर्धं घुसलं, स्कूटर शहाण्या बैलासारखी जागच्या जागी उभी राहिली आणि बंद पडली. भाऊसाहेब विटांवर तसेच. अंतर दोन हातांचं.

वाळू तेवढी हळूहळू घसरत होती.

"तुम्ही इथे काय करताय?" वहिनी म्हणाल्या.

भाऊसाहेबांना खोटं येत नव्हतं. ते म्हणाले, "तुझी वाट बघत होतो."

"त्या दिवशीचा उशीर?"

"इथेच झाला."

"किती वेळ उभे होता?"

"सत्तावीस मिनिटं. त्यातली दहा माझी, घरून लवकर निघतो म्हणून. सतरा सरकारी."

"आणि तेव्हापासून रोज?"

"दहाच मिनिटं. त्यावर नाही."

वहिनी स्कूटरवरच बसून होत्या. वाळू झटकायच्या निमित्तानं त्यांनी मान खाली घातली. "मला डावीकडे वळता येत नाही, ते दिसलं असेल."

"दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

भाऊसाहेब विटांवरून खाली उतरले. फार विचार करून म्हणाले, "तू हसत होतीस. मला तो आवाज ओळखताच आला नव्हता आधी. मी म्हटलं, आता मध्ये बोललो तर पुन्हा सोळा वर्षं ऐकायला मिळायचा नाही."

टायपिस्टबाई या वेळेस भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि भिंतीवरचं शेवाळ बारकाईनं तपासत होत्या.

"तेवढ्यासाठी तळघरात जाणार होता?" वहिनींनी विचारलं. तळघराचं त्यांना जबाबाच्या दिवशीच टायपिस्टबाईंकडून कळलं होतं.

"तळघर कोरडं आहे. मी बघून आलोय."

वहिनी हसल्या. तेच ते हसणं. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, उतरवा ही वाळूतून. आणि ते कारण लिहून टाका. पण नीट लिहा. टायपिस्टबाईंनी धरलं होतं म्हणून चालली, असं नका लिहू. शेवटचे दोन दिवस त्यांनी हात सोडला होता."

"पाहिलंय मी," भाऊसाहेब म्हणाले. "मंगळवारी सोडला."

स्कूटर वाळूतून निघेपर्यंत दहाला पाच कमी झाले. ओढाओढीत टायपिस्टबाईंच्या चपलेचा बंद तुटला. स्कूटरवर माणसं बसणार दोन, आणि आज उशीर झाला तर भाऊसाहेबांच्या फाइलीला शेपूट फुटणार. टायपिस्टबाईंनी मुकाट्यानं चप्पल हातात घेतली आणि म्हणाल्या, "जा तुम्ही. मी येते चालत."

वहिनी पुढे, भाऊसाहेब मागे. कचेरीकडे जायचं तर चौकात डावीकडे वळायला हवं. वहिनींनी चौकात क्षणभर विचार केला, चौक सरळ ओलांडला आणि पुढे उजवीकडे वळल्या. मग पुन्हा उजवीकडे. मग पुन्हा. भाजीबाजाराला, दवाखान्याला आणि शाळेला प्रदक्षिणा घालून स्कूटर अखेर त्याच चौकात आली, पण या खेपेला कचेरीचा रस्ता सरळ समोर होता. मागे बसलेल्या माणसाच्या मनात या प्रवासाबद्दल निदान नऊ सूचना आल्या असतील. त्यांनी नऊच्या नऊ गिळल्या. फक्त दवाखान्यापाशी एकदा, "झकास," एवढं म्हणाले. हा शब्द त्यांनी कधी कुणाला लेखी दिला नव्हता.

दहा वाजून चार मिनिटांनी कचेरीच्या दारात स्कूटर थांबली. समोरचा कुलूपवाला बाहेर येऊन बघतच राहिला. त्या दिवशी त्यानं दुकान दोनदा उघडलं, असं म्हणतात.

टायपिस्टबाई अनवाणी पोचल्या, दहा अठराला. भाऊसाहेबांनी फुली मारली, फुंकर घातली, नोटीस दिली. बाईंनी खुलासा टाइप करून दिला: 'मस्टर सांभाळणाऱ्या हेडक्लार्कना वेळेवर पोचवण्यासाठी माझे वाहन दिल्यामुळे मला उशीर झाला.' भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला. खरा होता, पूर्ण होता, पडताळायची गरज नव्हती. खाली लिहिलं, 'कारण मान्य. आभारी आहे.' शेऱ्यात आभार मानायची पद्धत नाही, हे सही केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खोडलं नाही.

मग स्वतःचा खुलासा लिहायला घेतला. दुपारचा डबा तसाच राहिला. साडेतीन पानं झाली. त्यात विटा होत्या, टाकी होती, उजवीकडची वर्तुळं होती, मंगळवारी सोडलेला हात होता. 'सदर वेळी पत्नी हसत असल्यामुळे निघणे शक्य झाले नाही' असं एक वाक्य होतं. हेडक्लार्क या नात्यानं त्यांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

मॅडमनी साडेतीन पानं वाचली. मग भाऊसाहेबांना बोलावून म्हणाल्या, "कारण खरं आहे, पूर्ण आहे. पण नियमात बसत नाही हो."

"नाहीच बसत," भाऊसाहेब म्हणाले. "ताकीद द्यावी लागेल."

"ताकीद दिली तर तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल. एकोणतीस वर्षांत पहिली."

"होऊ द्या, मॅडम. कारणासकट होऊ द्या."

मॅडमनी ताकीद दिली. ती टाइप करताना टायपिस्टबाईंनी तीन कागद वाया घालवले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणाल्या. भाऊसाहेबांनी नोटीस, स्मरणपत्रं, जबाब, खुलासा आणि ताकीद ओळीनं लावली, भोकं पाडली, दोरी ओवली आणि फाइल बंद केली. एवढं झाल्यावर ती रेकॉर्डरूममध्ये न्यायला मामा आले.

मामांनी सवयीनं विचारलं, "'ड' मध्ये ना?"

उशिराच्या फायली 'ड' वर्गात जातात. वर्षभर ठेवायच्या आणि मग रद्दीत. हा नियम भाऊसाहेबांना झोपेतही पाठ होता. वरच्या 'अ' वर्गात जातात त्या कायम जपायच्या वस्तू: गावाच्या हद्दी, नदीचं जुनं पात्र, मूळ नकाशे. भाऊसाहेबांनी फाइल मामांच्या हातातून परत घेतली. आजूबाजूला पाहिलं. कव्हरावर मोठ्या अक्षरात 'अ' काढला आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

मामांनी तो 'अ' पाहिला, भाऊसाहेबांकडे पाहिलं. "भाऊसाहेब, हे काही नियमात नाही."

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. "वरच्या फळीवर ठेवा. ओल लागत नाही तिथे."

मामांनी शिडी लावून फाइल वरच्या फळीवर ठेवली, नदीच्या आणि डोंगराच्या मध्ये. ती अजून तिथेच आहे. मध्यंतरी वाळवी लागली, तिनं नदी खाल्ली, अर्धा डोंगर खाल्ला, या फायलीला मात्र तोंड लावलं नाही, असं मामा शपथेवर सांगतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. दहा ते पाचमध्ये जा, आणि फाइल कशासाठी बघायची आहे याचा अर्ज घेऊन जा. तो भाऊसाहेबांच्याच टेबलावर द्यायचा असतो. हल्ली ते कुठलंही कारण चालवून घेतात.